पवना की भंडारदरा? घरच्यांना घेऊन टेंटमध्ये राहताना जागा कशी निवडावी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहणारं कुटुंब, मुलं चार आणि नऊ वर्षांची, बरोबर अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. दिवाळीनंतरच्या एखाद्या शनिवारी-रविवारी टेंटमध्ये राहायचंय, तेही पहिल्यांदाच. पवना घ्यावं की भंडारदरा? आणि एवढ्या जाहिरातींतून नेमका कॅम्प निवडायचा कसा?

थेट उत्तर आधी देतो. या खेपेला पवना. भंडारदरा जास्त देखणं आहे याबद्दल वाद नाही, पण ते दोन रात्रींचं ठिकाण आहे. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असं जाताना पाच तास सहज जातात. मधे मुलांची शू, भूक, उलटी धरली तर सहा. चार वर्षांचं मूल एवढा वेळ गाडीत बसून उतरलं की संध्याकाळ किरकिरीत जाते आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जागा सोडून पुन्हा तेवढाच रस्ता. मुक्काम एकाच रात्रीचा असेल तर घरापासून दोन-अडीच तासांपेक्षा लांब जाऊ नका, असं मी लहान मुलं असलेल्या प्रत्येक घराला सांगतो. पवना त्यात बसतं. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की मग भंडारदऱ्याला जा, एक पूर्ण दिवस हातात ठेवून. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ सासूबाईंना नक्की आवडेल.

मी कुटुंबांचे कॅम्प लावायचं काम बरीच वर्षं करतोय, मुख्यतः मावळात आणि अकोले तालुक्यात. या कामात एक गोष्ट पक्की कळली आहे. जागा निवडायची ती रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांसाठी. जाहिरातीतले फोटो संध्याकाळी पाच ते सातच्या मधले असतात. पाणी सोनेरी, मागे तुंग नाहीतर तिकोना, टेंटवर दिव्यांची माळ. त्या दोन तासांत धरणाकाठची कुठलीही जागा सुंदरच दिसते. खरा फरक नंतर कळतो. धाकटं दोन वाजता शूला उठतं, सासूबाईंना जमिनीवरून उठवत नाही, शेजारच्या कॅम्पवर दीड वाजताही गाणी चालू असतात, तेव्हा. म्हणून घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात वयस्कर माणूस त्या आठ तासांत कुठं अडेल, एवढंच डोळ्यांपुढे ठेवा. नऊ वर्षांच्या मुलाचं आणि तुम्हा दोघांचं कुठंही निभेल.

आता जमिनीकडे येऊ, कारण पवन्याची जमीन समजली की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. तिथले बरेच कॅम्प भातखाचरांत लागतात. मावळ हा इंद्रायणी तांदळाचा मुलूख. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी झाली की खाचर मोकळं होतं आणि शेतकरी तिथं टेंट उभे करतो. खाचर असतं सपाट, आणि झोपायला सपाट जमीन लागतेच. जराशा उतारावर टेंट असला तरी रात्रभर सगळे घसरत एका बाजूला येतात, धाकटं तर कापडाला चिकटून ओलं होतं. पण खाचराच्या तीन खोड्या आहेत. पहिली, कापणीनंतर उरलेली धसकटं. पातळ चटईखालून ती पाठीला टोचतात आणि टेंटचा तळ फाडतात. दुसरी, खाचर पाणी धरून ठेवण्यासाठीच केलेलं असतं. नोव्हेंबरात अवकाळी सर आली तर पाणी निघून जात नाही, टेंटखाली साचतं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे बांध. एका खाचरातून खालच्या खाचरात दोन-चार फुटांचा दगडी उतरा असतो. दिवसा तो दिसतो. अंधारात धावणाऱ्या मुलाला दिसत नाही. मी हात मोडलेली मुलं पाहिली आहेत, आणि ती डोंगरावरून नाही, खाचराच्या बांधावरून पडलेली होती.

चांगल्या कॅम्पवाल्यानं यातलं काय केलंय ते पाहा. धसकटं काढून मुरूम टाकलाय का, टेंटसाठी विटांचा किंवा लाकडी ओटा केलाय का, बांधाच्या कडेला दोरी, बांबू किंवा किमान सोलरचे दिवे आहेत का. लाकडी फळ्यांच्या ओट्यावर टेंट असेल तर डोळे झाकून ती जागा घ्या. ओल वर येत नाही, थंडी कमी लागते, पावसाचं पाणी खालून जातं.

पाण्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, रागावू नका. "लेकसाइड", "वॉटरफ्रंट" असे शब्द पाहून लोक पहिल्या रांगेतला टेंट जास्त पैसे देऊन घेतात. लहान मुलं असतील तर मी पहिली रांग मुद्दाम टाळायला सांगतो. धरणाचा काठ हा समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू खोल होत जात नाही. पाण्याखाली तीच जुनी खाचरं आहेत, तेच बांध, वाटा, झाडांचे बुंधे, जुन्या विहिरी. धरण झालं तेव्हा गावं आणि शेतं बुडाली. पवन्याच्या पोटात वाघेश्वराचं जुनं देऊळ आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते उघडं पडतं. म्हणजे तुमचं मूल गुडघाभर पाण्यात दहा पावलं नीट चालत जातं आणि अकराव्या पावलाला पाण्याखालचा बांध संपून ते एकदम गळ्यापर्यंत जातं. पोहता येणारा माणूससुद्धा अशा वेळी बिचकतो. त्यात उन्हाळ्याकडे पाणी मागे सरकतं तसा काठावर गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला, भेगाळलेला, आणि पाय टाकला की मांडीपर्यंत आत. दर मोसमात या काठांवर माणसं बुडतात, त्यांत तरणीताठी पोरं जास्त.

म्हणून टेंट आणि पाणी यांच्यामध्ये निदान शंभर पावलं आणि एखादं कुंपण असू द्या. दृश्य तिथूनही तेच दिसतं. होडीत बसायचं असेल तर प्रत्येकाला अंगाला बसणारं लाइफ जॅकेट मिळालं तरच. मोठ्या माणसाचं जॅकेट चार वर्षांच्या मुलाला घातलं तर पाण्यात मूल खाली राहतं आणि जॅकेट वर निघून येतं. लहान मापाचं जॅकेट आहे का, हे फोनवरच विचारा. नसेल तर होडी नको. मुलांना पाण्याशी खेळायचंच असेल तर कॅम्पवाल्याकडून टब मागून घ्या. ऐकायला साधं वाटेल, पण मुलं त्यात तासन् तास रमतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पवन्याचं पाणी वर्षभर नदीत सोडलं जातं आणि पिंपरी-चिंचवडला पुरवलं जातं. ऑक्टोबरातल्या फोटोत टेंटच्या दारात असलेलं पाणी एप्रिलमध्ये चालत जायला लागेल एवढं लांब गेलेलं असतं. तुम्ही दिवाळीनंतर जाताय, तेव्हा पाणी भरपूर असेल. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी मात्र त्याच आठवड्यातला फोटो मागवावा.

आता संडास. मला विचाराल तर कुटुंबासाठी कॅम्प निवडण्याची सगळ्यात खात्रीची कसोटी हीच. किती टेंटना किती संडास हे विचारा. आठ-दहा माणसांमागे एक असेल तर सकाळी रांग लागत नाही. पंचवीस-तीस माणसांमागे एक असेल तर सात वाजता काय अवस्था होते ते मी इथं लिहीत नाही. अंतर विचारा, पण मीटरमध्ये विचारू नका, "रात्री टॉर्च घेऊन म्हातारं माणूस किती वेळात पोचेल" असं विचारा. वाटेत पायऱ्या आहेत का, दिवा रात्रभर चालू असतो का, आतून कडी लागते का, नळाला पाणी टाकीतून येतं की बादलीनं न्यावं लागतं. सासूबाईंना कमोड लागणारच, आणि कमोडशेजारी भिंतीला धरायला काही असेल तर उत्तम. नसेल तर हलकी प्लास्टिकची खुर्ची आत नेऊन ठेवता येते, तीही धरायला पुरते. धाकट्यासाठी झाकणाचं एक छोटं भांडं टेंटच्या पुढच्या भागात ठेवा. रात्री दोन वाजता थंडीत सगळ्यांना उठवत चालत जाण्यापेक्षा ते कधीही बरं.

सासूबाईंबद्दल माझं मत स्पष्ट आहे, त्यांना टेंटमध्ये झोपवू नका. डोम टेंटचं दार कमरेएवढं असतं, रांगत आत जावं लागतं आणि उठताना गुडघ्यावरच सगळा भार येतो. टेंटशेजारीच एखादी खोली किंवा पत्र्याची साधी कॉटेज असलेला कॅम्प शोधा, आता असे बरेच आहेत. पलंग, पक्का संडास आणि दारातून तुमचा टेंट दिसतोय, एवढं पुरे. संध्याकाळी शेकोटीजवळ त्या तुमच्यात असतील, रात्री पाठ टेकायला पलंग. खोली नसेलच तर उभं राहता येईल असा मोठा तंबू आणि त्यात खाट मागा. मावळात खाट मिळणार नाही असं घर नाही, मालकाला आधी सांगितलंत तर तो घरातली आणून टाकतो. या खोलीचा दुसराही उपयोग आहे. अचानक वारं सुटलं, पाऊस आला, मुलाला ताप भरला, तर सगळ्यांना आत जाता येतं. पक्कं छप्पर दोन मिनिटांच्या आत नसेल अशा जागी लहान मुलांना नेऊ नये, हा माझा नियम बारा महिन्यांचा आहे.

आवाजाचं काय करायचं, हा बहुतेकांना नंतर सुचणारा प्रश्न. पवन्याचा काठ शनिवारी रात्री शांत नसतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे आणि चांगले मालक ती पाळतात. पण पाण्यावरून आवाज लांब जातो, तुमच्या मालकानं बंद केलं तरी पलीकडच्या काठाचं ऐकू येतं. त्यामुळे फक्त "तुमच्याकडे गाणी किती वाजता बंद होतात" एवढं विचारून भागत नाही, "शेजारी कोणाचा कॅम्प आहे, तिथं काय चालतं" हेही विचारा. त्या रात्री आणखी कोण येणार आहे, किती टेंट भरलेत, मुलांची कुटुंबं किती, हे विचारायला संकोच करू नका. पाणवठ्याची गर्दीची बाजू सोडून तुंगच्या पायथ्याकडे, मोरवे, चावसर, तुंगी या बाजूला गेलात तर शांतता जास्त मिळते. मात्र तिथून पवनानगरची बाजारपेठ आणि दवाखाना लांब पडतो. चार वर्षांचं मूल आणि वयस्कर माणूस असताना मी पहिल्या खेपेला पवनानगरपासून अर्ध्या तासाच्या आतली जागा घेईन आणि थोडा आवाज सोसेन. शुक्रवारी दुपारी सुट्टी काढता आली तर शुक्रवारची रात्र घ्या. तीच जागा, तेच जेवण, गर्दी निम्मी. ३१ डिसेंबर तर कुटुंबांनी पूर्णच सोडून द्यावा.

फोनवर कसं बोलायचं ते नमुन्यादाखल सांगतो, कारण मेसेजवर विचारलं की तयार छापील उत्तर येतं. मालकाशीच बोला, बुकिंग घेणाऱ्या मुलाशी नाही.

"दादा, जागा स्वतःची आहे का?"

"व्हय, घरचीच हाये. सातबारा आमच्या वडलांच्या नावावर."

"रात्री कॅम्पवर कोण असतं?"

"मी असतो, धाकटा भाऊ असतो. घर वरच हाये आमचं, हाक मारली तरी ऐकू येतं."

"मुलांना आठ वाजता जेवण मिळेल का? तिखट नको."

"मिळंल की ताई. पोरांचं आधी वाढतो आम्ही. वरण-भात, चपाती, काय पाहिजे ते सांगा."

"आत्ता तिथं आहात का? व्हिडिओ कॉल करून संडास आणि टेंट दाखवता?"

या संवादातला दुसरा प्रश्न मी सगळ्यात मोलाचा मानतो. काही कॅम्प शहरातला माणूस भाड्यानं चालवतो. रात्री अकराला जेवण वाढून झालं की कामाची पोरं गावात निघून जातात आणि मागे ऐंशी पाहुणे आणि एक झोपलेला राखणदार उरतो. अशा जागी काही झालं तर कोणाला उठवायचं तेच कळत नाही. मालकाचं घर जवळ असलेला, बायाबापड्या चुलीवर भाकरी थापणारा गावकऱ्याचा कॅम्प दिसायला साधा असेल, फोटोत कमी उठावदार असेल, पण मुलांना घेऊन मी तिथंच जाईन. आणि पैसे गावात राहतात, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

सातबाऱ्याचं विचारायचं कारणही सांगतो. धरणाच्या काठची पाण्यालगतची पट्टी संपादित झालेली, सरकारी आहे. त्या पट्टीत लावलेले टेंट कारवाई झाली की एका दिवसात उठतात आणि तुमचा अॅडव्हान्स अडकतो. चोरलेले फोटो लावून नुसतेच पैसे घेणारेही आहेत. मला ओळखीतल्या एका घराचा अनुभव माहीत आहे, पूर्ण रक्कम आधी भरली आणि दिलेल्या लोकेशनवर नुसतं माळरान निघालं. व्हिडिओ कॉलला टाळाटाळ करणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका. अॅडव्हान्स थोडाच द्या, उरलेले जागेवर पोचल्यावर. संध्याकाळचा चहा-भजी, बार्बेक्यू, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून माणशी साधारण हजार ते दोन हजार घेतात. याहून फार स्वस्त मिळालं तर संडास आणि अंथरुणात काटकसर झालेली असते, असा माझा अनुभव आहे.

साप-विंचवांबद्दल लोक एकतर फार घाबरतात नाहीतर अजिबात विचार करत नाहीत. भातकापणीच्या दिवसांत शेतात उंदीर असतात आणि त्यांच्या मागे साप येतात. आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यांत कॅम्पसाठी मण्यार ध्यानात ठेवायची. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते, आणि चावा इतका बारीक असतो की बहुतेकदा दुखत नाही, सूजही येत नाही. उपाय अगदी साधा आहे. टेंट तळ शिवलेला हवा आणि चेन पूर्ण बंद, दिवसासुद्धा. बूट-चपला बाहेर ठेवल्या तर सकाळी झटकून घालायच्या. टेंटमध्ये बिस्किटं, केळी, काहीच ठेवायचं नाही, म्हणजे मुंग्या येणार नाहीत आणि उंदरांमागून दुसरं काही येणार नाही. टेंटला लागून दगडांचा ढीग, जळणाचा ढीग, पेंढ्याची गंज नको. चावा झालाच किंवा शंका जरी आली तरी कापणं, बांधणं, चोखणं काही करायचं नाही. माणसाला हलू न देता १०८ला फोन करायचा किंवा सरळ गाडीत घालून सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्यायचं. ती लस सगळ्यात जवळ कुठं मिळते, हे मालकाला माहीत असायलाच हवं. त्यानं क्षणात सांगितलं तर माणूस जबाबदार आहे.

कोकणात जाणाऱ्यांसाठी विंचवाचंही सांगतो. तिकडचा लाल विंचू लहान मुलांना जिवावर बेततो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा वापर करून हे मृत्यू मोठ्या प्रमाणात आटोक्यात आणले. उपचार आहेत, वेळेत पोचणं तेवढं आपल्या हातात असतं. मुलाला घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर सकाळची वाट पाहू नका.

शेकोटीबद्दल दोनच गोष्टी. टेंटपासून ती लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवी, कारण टेंटचं कापड ठिणगीनं क्षणात वितळतं. आणि कितीही थंडी असली तरी शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं टेंटच्या आत घ्यायचं नाही. त्याच्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. मोठ्या झाडाखाली टेंट असेल तर दिवसाउजेडी वर बघून घ्या. वाळलेली फांदी असेल किंवा आग्यामोहोळ लटकत असेल तर जागा बदलून मागा. शेकोटीचा धूर मोहोळाला गेला की ते उठतं.

थंडी तुम्हाला वाटते त्याहून जास्त असेल. नोव्हेंबरअखेरपासून पाण्याजवळ पहाटे इतकं दव पडतं की टेंटवरून पाणी ओघळतं. दोन थरांचा टेंट असेल तर आतलं कापड कोरडं राहतं, एका थराचा असेल तर पहाटे अंगावर थेंब पडतात. कॅम्पवरचं पांघरूण एवढंसं असतं. घरची एक गोधडी खाली घालायला आणि एक वर घ्यायला न्याच, कारण थंडी खालून जास्त लागते. चार जणांचा टेंट म्हणजे चार जण खांद्याला खांदा लावून, हेही माहीत असू द्या. तुम्हा चौघांना सामान धरून सहा जणांचा मागा.

बाकीच्या ठिकाणांचं आणि ऋतूंचं भराभर सांगतो. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, लहान मुलांना टेंटमध्ये नेऊच नका, पक्क्या घरात राहा. ओढ्याकाठी तर नाहीच आणि डोंगराच्या उताराखालीही नाही. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच घरातली माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. पाऊस वर डोंगरात पडतो आणि पाणी खाली कोरड्या जागी येतं, त्याला पाच मिनिटं पुरतात. एप्रिल-मेमध्ये वळवाचं भय. दुपारनंतर ढग काळे झाले की विजा आणि वावटळ एकदम येतात, खुंट्या उपटून टेंट उडतात. त्या वेळी टेंटमध्ये किंवा झाडाखाली थांबायचं नाही, गाडीत किंवा पक्क्या खोलीत जायचं. मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याला काजवे बघायला मोठी गर्दी लोटते. अभयारण्यात रात्री गाड्यांवर वेळेची बंधनं असतात, शनिवार टाळला तरच मुलांना काजवे दिसतील, एरवी गाड्यांचे दिवेच दिसतात.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात उसाला लागून असलेला कॅम्प घेऊ नका. तिथं बिबट्याचा वावर खरोखर आहे आणि अंधार पडल्यावर लहान मूल एकटं दहा पावलंही जाता कामा नये. कोलाडला कुंडलिकेच्या काठी राहणार असाल तर पात्रात उतरण्याआधी विचारा. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सोडलं की नदी चढते, राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. कोकणात समुद्रावर टेंट लावायचा तर सुरूच्या बनाच्या आतल्या अंगाला, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची वेळ बघून. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून तिथं टेंटमध्ये घामानं झोप येत नाही.

आता तुमच्या शनिवाराकडे. जेवण घरी लवकर उरकून बाराच्या सुमारास निघा. लोणावळ्यात शिरायचंच नाही. जुन्या महामार्गानं कामशेतला वळून पवनानगरचा रस्ता धरा, किंवा पौड, कोळवणवरून तिकोनापेठेकडे उतरा. शेवटचे दोन-तीन किलोमीटर गाडी कशी जाते हे आधी विचारा. कच्च्या उतारावर खालून घासणारी गाडी असेल तर ती वर ठेवून सासूबाईंना चालावं लागेल. तीनला पोचायचं, चारच्या पुढे नाही, कारण नोव्हेंबरात सहाला सूर्य मावळतो आणि नवीन जागा उजेडात पाहून घेणं गरजेचं आहे.

पोचल्यावर सामान गाडीतच राहू द्या. आधी मुलांना घेऊन सगळ्या कॅम्पवरून एक फेरी मारा. हा बांध, याच्या पुढे जायचं नाही. हे पाणी, मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय नाही. हा संडास, हा आजीचा दिवा लागलेला खोलीचा दरवाजा. मुलांच्या गळ्यात शिट्टी अडकवा. मग टेंटमध्ये पाच मिनिटं आडवे व्हा. पाठीला काही टोचतंय का, डोकं खाली जातंय का, चेन नीट बंद होते का, ते तेव्हाच कळतं. टेंट बदलून मागायचा असेल तर हीच वेळ. बाकीचे पाहुणे पाचनंतर येतात आणि मग हलायला जागा उरत नाही.

आणि मालकानं फोनवर सांगितलेल्यापैकी मोठी गोष्ट खोटी निघाली, म्हणजे कमोड नाही, खोली दुसऱ्याला दिलीय, टेंट पाण्याच्या कडेलाच आहे, तर साडेपाचच्या आत निर्णय घ्या. अॅडव्हान्सवर पाणी सोडा आणि गाडी वळवा. दोन-अडीच तासांच्या आतली जागा घ्या असं सुरुवातीला म्हटलं ते यासाठीही. रात्री साडेआठपर्यंत तुम्ही घरी पोचता, मुलांना वाटेत कुठंतरी मिसळ-भजी खाऊ घालता, आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या कॅम्पला फोन करता.